बगदाद जळालं आणि सगळं संपलं? मंगोल, क्रुसेड आणि पाटातला गाळ

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एकाने विचारलं आहे: "१२५८ मध्ये मंगोलांनी बगदाद बुडवलं, ग्रंथ नदीत फेकले, टायग्रिसचं पाणी शाईने काळं झालं आणि इस्लामी जगाचं सुवर्णयुग त्या आठवड्यात संपलं, हे खरं का? आणि जास्त नुकसान कोणी केलं, क्रुसेडवाल्यांनी की मंगोलांनी? शक्यतो एका ओळीत सांगा."

एका ओळीत: नुकसान मंगोलांनी जास्त केलं, पण सुवर्णयुग त्या आठवड्यात संपलं नाही. एवढं लिहिलंत तरी निम्मे गुण पडतील. उरलेल्या निम्म्यांसाठी जरा बसावं लागेल.

मी तीसेक वर्षं महाविद्यालयात मध्ययुगीन इतिहास शिकवला. मोडी वाचायला लागलो तेव्हा दर दोन ओळींमागे फारसी शब्द आडवा यायचा, म्हणून फारसी शिकलो आणि तिथून या विषयात उतरलो. तुमच्या प्रश्नात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत गुंतलेत. हल्ल्यात किती मोडलं, हा एक. मोडलेलं पुन्हा उभं राहिलं का, आणि नसेल तर का नाही, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर त्या काळचे इतिहासकार भरभरून देतात. दुसऱ्याचं उत्तर कालव्यांत, करवसुलीत आणि नाण्यांत शोधावं लागतं, आणि ते प्रांतागणिक बदलतं. म्हणून कोणी "इस्लामी जगाचं काय झालं" असं विचारलं की मी आधी विचारतो, कुठल्या गावाचं?

ही सवय मला एका विद्यार्थ्याने लावली. १२२१ मध्ये चंगीझखानाचा मुलगा तोलुई याने मर्व शहर कसं कापून काढलं, हे मी वर्गात रंगवून सांगत होतो. मर्व म्हणजे आजच्या तुर्कमेनिस्तानात, मुर्गाब नदीच्या पाण्यावर जगणारं वाळवंटातलं मोठं शहर. जुवैनी हा फारसी इतिहासकार लिहितो की एका सय्यदाने सोबत काही माणसं घेऊन तेरा दिवस तेरा रात्री प्रेतं मोजली आणि आकडा तेरा लाखांवर गेला. मी तो आकडा फळ्यावर लिहिला. साक्री तालुक्यातला एक मुलगा मागच्या बाकावर वहीत गुणाकार करत बसला होता. म्हणाला, "सर, दिवसाला एक लाख झाले. चोवीस तासांत सेकंद असतात शहाऐंशी हजार चारशे. म्हणजे न जेवता, न झोपता, सेकंदाला एकाहून जास्त प्रेत मोजलं?" वर्ग हसला, मीही हसलो, पण आकडा पुसून टाकला. मग तो म्हणाला ते जास्त महत्त्वाचं होतं. "माणसं किती मेली ते राहू द्या सर, बंधारा कोणी पुन्हा बांधला? आमच्याकडे पांझरेच्या फडावर दोन वर्षं पाटातला गाळ काढला नाही तर शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचत नाही."

पांझरा नदीवरची फड पद्धत, म्हणजे बंधाऱ्याचं पाणी पाटाने आणून सगळ्यांनी वाटून घेण्याची रीत, ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच कळेल. पाट ही एकदा बांधून सोडून द्यायची गोष्ट नाही. दरवर्षी माणसं लागतात, पाटकरी लागतो, आणि पाणी कोणाला कधी यावर सगळ्यांनी मानावी अशी एक सत्ता लागते. मर्वचं उत्तर शोधलं तेव्हा लक्षात आलं की मुर्गाबवरचा बंधारा नीट उभा राहिला तो तैमूरचा मुलगा शाहरुख याच्या काळात, पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला. मधली जवळजवळ दोन शतकं जुनं मर्व ओसाडच होतं. तेरा लाख ही थाप असेल, एक लाख माणसं असतील किंवा त्याहूनही कमी, पण दोनशे वर्षं पाणी नाही ही थाप नाही.

आता जुवैनीचंच एक वाक्य सांगतो, फारसी शिकणाऱ्या प्रत्येकाला ते कधी ना कधी भेटतं. १२२० मध्ये बुखारा पडल्यावर तिथून जीव वाचवून खुरासानात, म्हणजे ईशान्य इराण आणि त्याला लागलेल्या मुलखात पोचलेल्या एका माणसाला लोकांनी विचारलं, काय झालं? तो म्हणाला: "आमदंद ओ कंदंद ओ सूख्तंद ओ कुश्तंद ओ बुर्दंद ओ रफ्तंद." आले, उखडलं, जाळलं, मारलं, नेलं, गेले. सगळे मधल्या क्रियापदांवर थांबतात. मी मुलांना शेवटच्या शब्दापाशी थांबवतो. रफ्तंद. गेले.

मंगोलांच्या दोन लाटा या एका शब्दाने वेगळ्या करता येतात. पहिली चंगीझखानाची, १२१९ ते १२२३ या सुमाराची. ती पेटली ओत्रार या सरहद्दीवरच्या गावातून. तिथल्या सुभेदाराने मंगोलांचा साडेचारशेच्या आसपास व्यापाऱ्यांचा तांडा हेर समजून कापला, खानाने वकील पाठवून जाब विचारला, तर ख्वारज्मच्या शाहने, म्हणजे त्या मुलखाच्या राजाने, वकिलालाही मारलं. पुढे बुखारा, समरकंद, मर्व, निशापूर, बल्ख, हेरात. ही लाट आली, खुरासानचा चुराडा केला आणि मोठ्या प्रमाणावर परतही गेली. पडलेल्या भिंती, बुजलेली कनात, म्हणजे डोंगरातून पाणी आणणारे भुयारी पाट, तसेच मागे राहिले. दुसरी लाट चंगीझखानाचा नातू हुलागू याची, १२५६ नंतरची. हुलागू गेला नाही. तो इराणात राहिला, त्याच्या वंशाने १३३५ पर्यंत राज्य केलं आणि राज्य करायचं तर वसुली हवी, वसुली हवी तर रयत हवी, हे त्यांना उशिरा का होईना कळलं.

या हिशेबात एक अपवाद लगेच नोंदवतो, नाहीतर सूत्र फार गुळगुळीत होईल. ज्या बुखाऱ्याबद्दल ते वाक्य आहे, ते बुखारा तसं लवकर सावरलं. मंगोलांनी तिथे महमूद यलवाच नावाचा मुसलमान कारभारी नेमला, नंतर त्याचा मुलगा मसूद बेग आला, दोघांनी शहर उभं केलं. मग १२७३ मध्ये हुलागूच्या मुलाच्या फौजेने तेच बुखारा पुन्हा लुटलं. मंगोलांनी मंगोलांचं शहर लुटलं, तेव्हा "बाहेरचा हल्ला" हा शब्दही जपून वापरा.

आता बगदाद. १२५८ च्या बगदादबद्दल आपल्या डोक्यात खलिफा हारून रशीदचं वैभवाचं बगदाद असतं. त्याला साडेचारशे वर्षं होऊन गेली होती. ९४५ मध्ये बुयी सरदारांनी शहर घेतलं तेव्हाच खलिफाच्या हातातून खरी सत्ता गेली. १०५५ मध्ये सेल्जुक तुर्कांचा तुग्रुल आला, म्हणजे फक्त धनी बदलला. बाराव्या शतकात खलिफांनी थोडी मोकळीक परत मिळवली, पण राज्य इराकपुरतं. आणि पाण्याचं सांगायचं तर बगदादच्या पूर्वेला नहरवान नावाचा प्रचंड कालवा होता, सासानी काळापासूनचा. ९३७ मध्ये इब्न राइक या सेनापतीने प्रतिस्पर्ध्याची फौज अडवायला तो स्वतःच फोडला. दुरुस्त्या झाल्या, पुन्हा गाळ भरला, पुन्हा फुटला. त्या दियाला खोऱ्याची पुरातत्त्वीय पाहणी झाली आहे. शेती आणि वस्ती घसरत जाण्याची सुरुवात मंगोलांच्या कितीतरी आधीची दिसते. म्हणजे हुलागू आला तेव्हा घर आधीच गळत होतं.

तरीही जे झालं ते भयंकर होतं, त्याला मऊ करू नका. जानेवारीत मंगोलांनी टायग्रिसच्या पश्चिमेला खलिफाच्या सैन्यामागचे बांध फोडून तळावर पाणी सोडलं आणि बरीचशी फौज चिखलात बुडवली. २९ जानेवारीला वेढा पडला, १० फेब्रुवारीला खलिफा मुस्तआसिम शरण आला, मग कत्तल आणि लूट सुरू झाली. २० फेब्रुवारीला खलिफाला मारलं. गालिच्यात गुंडाळून तुडवल्याचं सांगतात, कारण राजरक्त जमिनीवर सांडू नये असा मंगोलांचा संकेत होता. मृतांचा आकडा विचाराल तर खुद्द हुलागूने १२६२ मध्ये फ्रान्सच्या राजाला पाठवलेल्या पत्रात दोन लाखांहून जास्त मारल्याची फुशारकी आहे. नंतरचे लेखक आठ लाख आणि त्याच्याही वर जातात. फुशारकी मारणारासुद्धा जिथे दोन लाखांवर थांबतो, तिथे आपण आठ लाखांवर जायचं कारण नाही. शिया वजीर इब्न अल्कमीने फितुरी केली, ही कथाही उत्तरात ठामपणे लिहू नका. ती उचलून धरणाऱ्यांना शियांवर ठपका ठेवायला ती हवीच होती.

शाईचं काय? पुस्तकं नष्ट झाली यात शंका नाही. पण काळ्या नदीचं चित्र घटनेच्या जवळच्या लिखाणात नाही, ते नंतरच्यांचं. मला त्यापेक्षा एका मुलाची गोष्ट जास्त बोलकी वाटते. इब्न अल्फुवती बगदादचा, जन्म १२४४ चा. शहर पडलं तेव्हा चौदा वर्षांचा होता, मंगोलांनी कैद करून नेला. तिथून तो पोचला मराग्याला, वायव्य इराणात. तिथे नसीरुद्दीन तूसी हा गणिती, ज्याला हुलागूने इस्माइली पंथाच्या आलमूत किल्ल्यावरून आपल्याकडे घेतलं होतं, १२५९ पासून वेधशाळा उभारत होता. खर्च हुलागूचा. चीनमधले जाणकारही होते. तूसीने हा मुलगा हाताखाली घेतला आणि पुढे त्याला वेधशाळेचा ग्रंथपाल केला. तिथल्या कपाटांत बगदादहून आणलेली पुस्तकंही होती. म्हणजे ज्या शहरातून तो गुलाम म्हणून निघाला, त्याच शहराचे ग्रंथ तो झाडून-पुसून लावत होता. १२८० च्या सुमारास तो बगदादला परतला आणि मुस्तनसिरिया मदरशाचा ग्रंथपाल झाला. मदरसा शिल्लक होता, शिकवणं चालू होतं, पुस्तकं होती. ती इमारत टायग्रिसच्या काठी आजही आहे. त्याला बगदादला बोलावणारा माणूस कोण, तर तोच जुवैनी, जो १२५९ पासून मंगोलांच्या वतीने बगदादचा कारभार पाहत होता आणि युफ्रेटिसचं पाणी नजफकडे नेणारा कालवा खणवत होता. हा जुवैनी वेढ्याच्या वेळी हुलागूच्या छावणीत होता. त्याचा इतिहासग्रंथ मात्र आलमूतपाशीच थांबतो, बगदादबद्दल त्यात अवाक्षर नाही. नोकरी टिकवायची म्हणजे काय काय गिळावं लागतं!

मराग्यात काय झालं ते "विज्ञान संपलं" म्हणणाऱ्यांनी पाहावं. तूसीने एक युक्ती मांडली: एका वर्तुळाच्या आत निम्म्या व्यासाचं दुसरं वर्तुळ घरंगळवलं, तर आतल्या वर्तुळाच्या परिघावरचा बिंदू सरळ रेषेत पुढे-मागे जातो. वर्तुळांतून सरळ रेषा. ताटाच्या कडेला आतून बांगडी फिरवून पाहा, बांगडीचा व्यास ताटाच्या निम्मा हवा. याच युक्तीने प्राचीन ज्योतिषी टॉलेमीच्या ग्रहगणितातल्या अडचणी सोडवल्या गेल्या आणि हीच रचना १५४३ मध्ये कोपर्निकसच्या ग्रंथात दिसते. ती तिथवर कशी गेली यावर वाद आहे, ती आधी मराग्यात होती यावर नाही. पुढे इंद्रधनुष्याची उकल करणारा कमालुद्दीन फारिसी, दमास्कसचा इब्न अश्शातिर, समरकंदला वेधशाळा बांधणारा उलुगबेग, हे सगळे १२५८ नंतरचे. फुप्फुसातून होणारं रक्ताभिसरण सांगणारा इब्न अन्नफीस १२८८ मध्ये कैरोत वारला.

मग तोटा कुठे झाला? मुख्यतः खेड्यात, आणि बराचसा हल्ल्यानंतर. मंगोल सरदारांनी पहिली चाळीसेक वर्षं मुलूख अक्षरशः ओरबाडला. एकाच गावावर अनेकांना वसुलीच्या वराता, म्हणजे हुकमाच्या चिठ्ठ्या, काढून दिलेल्या असायच्या. हुलागूच्या वंशातल्या गझनखानाचा वजीर रशीदुद्दीन एक प्रसंग लिहितो. यज्दजवळचा एक जमीनमालक आपल्या गावी उत्पन्न बघायला गेला, तर तीन दिवस त्याला एकही गावकारभारी दिसला नाही. गावात बसले होते फक्त वसुलीवाले. त्यांनी एक राखणदार आणि दोन शेतकरी धरून आणले होते, दोरीने टांगले होते आणि बाकीचे कुठे लपलेत म्हणून मारत होते. हे बगदाद पडल्यावर चौतीस वर्षांनी. अशा गावात कनातीतला गाळ कोण काढणार? १२९४ मध्ये मंगोलांच्या इराणातल्या राजधानीत, तबरीझला, चीनच्या धर्तीवर कागदी नोटाही काढून पाहिल्या, बाजार बंद पडला, दोनेक महिन्यांत गुंडाळाव्या लागल्या. १२९५ मध्ये गझनखान मुसलमान झाला आणि त्याने कर ठरवून दिले, पडीक जमीन कसणाऱ्याला सूट दिली. काही ठिकाणी शेती परत आली, काही ठिकाणी फार उशीर झाला होता. इब्न बतूता याच मुलखातून गेला. १३२७ मध्ये तबरीझच्या जवाहिऱ्यांच्या बाजारात त्याचे डोळे दिपले, आणि काही वर्षांनी बल्खला पोचला तर तिथे पडक्या भिंती. एकच प्रवासी, एकच हल्लेखोर, दोन निकाल.

क्रुसेडबद्दल, म्हणजे जेरुसलेमसाठी युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयुद्धांबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यातच मावतं. १०९९ मध्ये जेरुसलेमला झालेली कत्तल खरी आहे, पण फिरंग्यांच्या हातात राहिली ती मुख्यतः किनाऱ्याची पट्टी. दमास्कस, अलेप्पो, कैरो, बगदाद यांतलं एकही शहर त्यांना घेता आलं नाही. ११८७ मध्ये हित्तीनला सलाहुद्दीनने त्यांचा कणा मोडला, १२९१ मध्ये त्यांचं अक्का हे बंदर गेलं आणि प्रकरण मिटलं. या काळात व्हेनिसवाल्यांशी व्यापार चालूच होता. फिरंग्यांच्या भीतीने मुसलमान राज्यं एकवटली आणि लष्करी झाली, हा परिणाम मोठा. मोडतोड म्हणाल तर किनाऱ्याची बरीच शहरं खुद्द इजिप्तच्या मामलुक सुलतानांनी पाडली, फिरंग्यांना पुन्हा पाय ठेवायला जागा नको म्हणून. क्रुसेडवाल्यांनी सर्वांत वाईट हाल केले असतील तर ते १२०४ मध्ये ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपलचे!

इजिप्तला मंगोल पोचलेच नाहीत. ३ सप्टेंबर १२६० ला ऐन जालूतला मामलुकांनी त्यांना अडवलं. मंगोल अजिंक्य नव्हते वगैरे ठीक, पण हुलागू बहुतेक फौज घेऊन आधीच मागे गेला होता. मंगोलांचा सर्वोच्च खान मोंगके वारला होता आणि सीरियात इतक्या घोड्यांना चाराही पुरत नव्हता. पुढे इजिप्तच्याही पाटांत गाळ साचला. त्याला कारण १३४७ मध्ये आलेली प्लेगची साथ. खेड्यातली माणसं मेली आणि बांध सांभाळायला हात उरले नाहीत. एकही घोडेस्वार न येता तेच झालं.

तेव्हा उत्तर लिहिताना खुरासान, इराक, तबरीझ आणि इजिप्त वेगळे काढा. पहिला खरोखर मोडला. दुसरा आधीच खालावत होता, त्याला जबर तडाखा बसला आणि तो राजधानीपणाला कायमचा मुकला. तिसरा मंगोलांमुळेच वर आला. चौथा हल्ला चुकवून दरबार आणि विद्येचं नवं ठिकाण झाला, १२६१ मध्ये मामलुक सुलतान बैबर्सने तिथे एक अब्बासी खलिफाही बसवला, नावापुरता.

खलिफा गेल्याने मनावर काय झालं, हे मात्र तुम्ही विचारलेलं नाही, आणि मला तेच सर्वांत गुंतागुंतीचं वाटतं. माझ्या वर्गात मी दिल्लीच्या बल्बनचा चांदीचा टंका फिरवायचो, एका संग्राहक मित्राकडून मागून आणलेला. एका बाजूला बल्बन, दुसऱ्या बाजूला "अल्-इमाम अल्-मुस्तआसिम अमीर अल्-मोमिनीन". बल्बन गादीवर आला १२६६ मध्ये. खलिफाला मरून आठ वर्षं झाली होती. मुलं हमखास विचारायची, दिल्लीला बातमी पोचली नव्हती का? पोचली होती. मंगोलांपासून पळून आलेला इतिहासकार मिनहाज दिल्लीत बसून १२६० मध्येच बगदादचा शेवट लिहीत होता. तरी ते मेलेल्या माणसाचं नाव आणखी तीस वर्षं दिल्लीच्या टाकसाळीतून निघत राहिलं. ते काढलं अलाउद्दीन खल्जीने, १२९६ मध्ये, देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाकडून लुटलेलं सोनं वाटत तख्तावर चढल्यानंतर.